बाटली भरण्याआधी पद्धत ठरवा: गोव्यातल्या रासायनिक प्रदूषणाचे आकडे हाताळणाऱ्या नवख्यांसाठी

जुलै २०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणावरून) गोव्यात केवढा गदारोळ उठला होता! जो तो एकच विचारत होता: सापडले की नाही सापडले? खरे तर हा प्रश्नच अपुरा होता. समुद्री मासळी मेल्यावर तिच्या अंगात थोडेफार फॉर्माल्डिहाइड आपसूक तयार होते, कुठल्या जातीत कमी, कुठल्या जातीत जास्त. म्हणजे 'आहे का?' याचे उत्तर बहुधा 'आहे' असेच येणार. विचारायला हवे ते असे: या जातीच्या मासळीत एरवी जेवढे असते त्याहून हे जास्त आहे का, आणि तसे आपण किती खात्रीने म्हणू शकतो? पहिला प्रश्न रसायनशास्त्राचा, दुसरा संख्याशास्त्राचा. प्रदूषणाच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्याची तयारी करून येतात आणि दुसऱ्यापाशी अडतात.

एमएस्सीचा प्रकल्प करणारे, प्रयोगशाळेत नुकतेच लागलेले, पंचायतीच्या जैवविविधता समितीवर बसलेले, किंवा गावच्या विहिरीचा अहवाल हातात पडल्यावर 'आता याचे करायचे काय' असे झालेले, अशांसाठी हे लिहितोय. सूत्रे फारशी देत नाही, ती संगणक सोडवतो. कुठले सूत्र कधी लावायचे, ते मात्र त्याला कळत नाही.

पायरी १: निर्णय काय घ्यायचा आहे, ते कागदावर लिहा

'पाण्यात शिसे किती?' ही नुसती चौकशी झाली. प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तरावर कुणीतरी काहीतरी करणार आहे. वाड्यावरची ही विहीर पिण्यासाठी चालू ठेवायची की बंद करायची? औद्योगिक वसाहतीमागची ही जमीन साफ झाली, असा दाखला द्यायचा का? साळ नदीत गेल्या दहा वर्षांत नायट्रेट वाढतोय का? खाणी थांबल्यावर गाळातले मँगनीज उतरले का? चार प्रश्न, आणि चारही ठिकाणी वेगळी पद्धत लागते.

प्रश्न लिहिला की लगेच दुसरी गोष्ट ठरवा: संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? संख्याशास्त्राच्या पुस्तकात हे शून्य गृहीतकाच्या धड्यात येते आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. इथे त्यावर सगळा निकाल फिरतो. एखाद्यावर प्रदूषणाचा ठपका ठेवायचा असेल, तर 'पाणी स्वच्छ आहे' इथून सुरुवात करतात आणि सरासरीच्या विश्वास-अंतरालाची (खरी सरासरी ज्या दोन कडांमध्ये असल्याचे ठरावीक खात्रीने म्हणता येते, त्या पट्ट्याची) खालची कडासुद्धा मर्यादेच्या वर आहे, हे दाखवतात. जमीन साफ झाल्याचा दाखला द्यायचा असेल, तर उलट. 'जमीन अजून दूषित आहे' असे धरायचे आणि वरची कडासुद्धा मर्यादेच्या खाली आहे, हे साफ करणाऱ्याने दाखवायचे. नमुने थोडे असले की अंतराल रुंद होतो आणि काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या मांडणीत त्याचा फायदा प्रदूषण करणाऱ्याला मिळतो, दुसऱ्या मांडणीत दाखला अडतो. आकडे तेच, निकाल उलटा. म्हणून हे आकडे येण्याआधी ठरवायचे. आल्यावर ठरवलेत तर कुणीही बोट दाखवेल.

किती नमुने पुरतील, हेही इथेच बघा. महिन्याला एक असे वर्षाचे बारा नमुने घेतले आणि बाराही मर्यादेत आले, की माणूस निर्धास्त होतो. हिशेब सांगतो की बारापैकी बारा चांगले आले तरी, ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर, त्या पाण्याने २२ टक्के वेळा मर्यादा ओलांडलेली असू शकते. 'किमान ९५ टक्के वेळा पाणी मर्यादेत असते' असे ९५ टक्के खात्रीने म्हणायला, एकही वाईट न निघता, ५९ नमुने लागतात. हे ऐकून पंचायतीत कुणी तरी खर्चाचे विचारणारच. विचारू दे. मग बारा नमुन्यांवर जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणू, असे सरळ सांगावे.

पायरी २: भरती-ओहोटी आणि पाऊस यांचा आधी बंदोबस्त

गोव्यात काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, असे माझे मत आहे. परदेशी पुस्तकांतल्या नद्या एकाच दिशेने वाहतात. आपली मांडवी आणि जुवारी दिवसातून दोनदा उलट्या वाहतात. मांडवीत भरतीचा परिणाम थेट गांज्यापर्यंत आणि जुवारीत सांग्यापर्यंत जाणवतो, आणि कुंभारजुव्याचा कालवा या दोघींना मध्येच जोडतो. त्यामुळे 'वरच्या अंगाला' आणि 'खालच्या अंगाला' हे शब्द घड्याळ बघूनच वापरावेत.

आता एक हिशेब जवळून बघू. समजा तुम्ही ठरवले, दर सोमवारी सकाळी दहाला पणजीच्या धक्क्यावरून पाणी घ्यायचे. शिस्त उत्तम. पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तासांनी सरकली. म्हणजे या सोमवारी दहाला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी दहाला ओहोटीच्या आसपास. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा भरती. तुमच्या आलेखात करवतीसारखे दाते येणार आणि कुणीतरी त्यात 'आठवड्याआड सांडपाणी सोडतात' असा शोध लावणार. दर चौदा दिवसांनी त्याच वेळी गेलात, तर भरतीची अवस्था साधारण तीच मिळते. त्याहून बरे म्हणजे भरतीचे कोष्टक बघूनच वेळ ठरवावी आणि प्रत्येक नमुन्यासोबत क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, मोजावी.

क्षारतेची नोंद हे स्वस्तातले सोने आहे. नदीचे पाणी आणि समुद्राचे पाणी नुसते मिसळले, तर त्यातला घटक क्षारतेच्या प्रमाणात सरळ रेषेत बदलतो. समजा गोड्या पाण्याच्या टोकाला नायट्रेट प्रति लिटर १ मिलिग्रॅम आहे आणि ३५ क्षारतेच्या समुद्रात ०.१. मग १७.५ क्षारतेच्या जागी ०.५५ असायला हवे. तिथे ०.५५ मिळाले तर काही विशेष घडलेले नाही. ०.९ मिळाले, तर वरचे ०.३५ वाटेत कुठून तरी आले, आणि शोध त्याचा घ्यायचा. ही रेषा न काढता भरतीचा नमुना ओहोटीच्या नमुन्याशी ताडून बघणे म्हणजे नुसता समुद्राचा वाटा मोजणे. एक सावधगिरी: रेषेची दोन्ही टोके त्याच दिवसांत मोजलेली हवीत. पावसाळ्यात गोड्या पाण्याचे टोक फार झपाट्याने बदलते.

पावसाचे म्हणाल, तर गोव्यात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पहिल्या पावसात रस्ते, खाणमातीचे डंप, शेतं आणि गटारांतले सगळे एकदम वाहून येते. ऑगस्टमध्ये पाणी इतके असते की तोच घटक पातळ होऊन दिसेनासा होतो. वर्षाची एकच सरासरी काढलीत तर ती कुठल्याच महिन्याची नसते. म्हणून उन्हाळा, पहिला पाऊस, भर पावसाळा आणि पावसानंतरचे महिने असे गट नमुने घेण्याआधीच पाडा आणि प्रत्येक गटात पुरेसे नमुने ठेवा. याला स्तरित नमुना निवड म्हणतात. खाजनात (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत) काम असेल, तर मानशीची (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारे कधी उघडी असतात ते तिथल्या माणसालाच विचारा. त्या माहितीवाचून खाजनातले आकडे वाचताच येत नाहीत.

आणखी एक, थोडक्यात. एका बादलीतून भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यावरून प्रयोगशाळेचा हात किती स्थिर आहे ते कळते, नदीचे काहीही कळत नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा देणाऱ्या यंत्राचेही तसेच: शेजारशेजारचे आकडे एकमेकांचे नुसते भाऊ नसतात, सख्खे जुळे असतात. दिवसाचे ९६ आकडे आले म्हणून तुमच्याकडे ९६ स्वतंत्र नमुने झाले नाहीत.

पायरी ३: आकडे आले की आधी नुसते बघा

प्रदूषणाचे आकडे क्वचितच घंटेच्या आकाराचे असतात. पुष्कळ लहान, थोडे मध्यम आणि एखाद-दुसरा टोलेजंग, असा त्यांचा घाट. शून्याच्या खाली जाता येत नाही, वर मात्र हवे तेवढे जाता येते, म्हणून असे होते. त्यांचे लॉग काढले की बरेचदा घाट सरळ होतो. बॉक्स प्लॉट (आकड्यांचा मधला पसारा पेटीने आणि टोकाचे आकडे ठिपक्यांनी दाखवणारा आलेख) काढा, साधा आणि लॉग घेतलेला, दोन्ही. एक्सेलमध्येही होते.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक विहीर घेऊ. वर्षभर दरमहा शिसे मोजले. प्रयोगशाळेची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला खात्रीने ओळखता येणारी सगळ्यात कमी पातळी, प्रति लिटर २ मायक्रोग्रॅम. पाच महिने 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट), म्हणजे २ पेक्षा कमी. उरलेले सात आकडे: २.४, ३.१, ३.३, ४.०, ५.२, ७.८ आणि जुलैत ३१. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, शिशाला प्रति लिटर ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम एवढीच मुभा देते.

त्या ३१ चे काय करायचे? नवखा माणूस पुस्तकातली बाह्य आकडा ओळखण्याची चाचणी लावतो, चाचणी म्हणते 'हा वेगळा आहे', आणि तो आकडा खोडतो. असे करू नका. चाचणी एवढेच सांगते की आकडा वेगळा आहे. तो चुकीचा आहे असे ती कधीच सांगत नाही. आधी नमुने घेतानाची नोंदवही काढा. आदल्या रात्री पाऊस पडला होता का? पाणी गढूळ होते का? नमुना गाळून घेतला होता की तसाच? शिसे मातीच्या कणांना चिकटून येते, तेव्हा न गाळलेल्या गढूळ पाण्यात ते जास्त निघणारच. आणि लोक ते पाणी गाळून पितात की तसेच, हेही विचारा, कारण निर्णय त्यांच्या पिण्याबद्दल आहे. वहीत बाटली फुटकी होती किंवा लेबल बदलले होते असे काही सापडले तरच आकडा बाजूला ठेवा, आणि ठेवल्याचे अहवालात लिहा.

पायरी ४: 'बीडीएल'ची भानगड

इथे सर्वाधिक लोक घसरतात, म्हणून जरा रेंगाळू. बीडीएल म्हणजे शून्य नव्हे. ती अर्धवट माहिती आहे: आकडा आहे, पण २ च्या खाली कुठे तरी. सगळीकडे चालत आलेली पद्धत म्हणजे त्या जागी मर्यादेचा अर्धा आकडा भरायचा. आपल्या विहिरीत पाच ठिकाणी १ भरला तर सरासरी ५.१५ येते. शून्य भरला तर ४.७३, २ भरला तर ५.५७. फरक फार नाही, चालून जाईल, असे वाटते.

आता तेच पाणी जरा जुन्या यंत्राकडे पाठवा, ज्याची शोधमर्यादा ५ आहे. २.४ पासून ४.० पर्यंतचे चार आकडेही बीडीएल झाले, एकूण नऊ. उरले ५.२, ७.८ आणि ३१. शून्य भरा, सरासरी ३.६७. अर्धा भरा, ५.५४. पूर्ण मर्यादा भरा, ७.४२. विहीर तीच, पाणी तेच, आणि सरासरी तुमच्या मर्जीवर दुप्पट होते. मध्यकाकडे, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याकडे, बघा: पहिल्या यंत्रात तो २.७५ येतो, पाच बीडीएल असूनही, कारण मधले दोन आकडे मोजलेले आहेत. दुसऱ्या यंत्रात तो '५ पेक्षा कमी' एवढाच सांगता येतो. तोही प्रामाणिक आहे.

याहून वाईट प्रकार दहा-बारा वर्षांच्या नोंदींत घडतो. सुरुवातीला यंत्राची मर्यादा १० होती, पुढे नवे यंत्र आले आणि ती २ झाली. पाण्यात काहीच नव्हते, सगळे बीडीएल. पण 'अर्धे भरा' या नियमाने आधीची वर्षे ५ आणि नंतरची १. आलेख छान उतरता दिसतो, कुणी तरी सुधारणेचे श्रेय घेतो. सुधारले होते फक्त यंत्र.

मग करायचे काय? ढोबळ वाट अशी. बीडीएल निम्म्याहून कमी असतील तर मध्यक आणि टक्केवारीचे बिंदू (पर्सेंटाइल) वापरा. सरासरी हवीच असेल तर क्रमांकांवरचे समाश्रयण नावाची पद्धत आहे: मोजलेल्या आकड्यांच्या क्रमावरून वितरणाची रेषा काढायची आणि बीडीएलच्या जागा त्या रेषेवरून अंदाजायच्या. शोधमर्यादा एकाहून अधिक असतील तर कॅप्लान–मायर. ही पद्धत १९५८ सालची, रुग्णांच्या जगण्याच्या अभ्यासासाठी काढलेली: 'अभ्यास संपला तेव्हा रुग्ण जिवंत होता, पुढचे माहीत नाही' हीदेखील आपल्या बीडीएलसारखीच अर्धवट माहिती, फक्त दुसऱ्या बाजूची. शोधमर्यादा एकच असेल तर मात्र कॅप्लान–मायरची सरासरी मर्यादा भरल्यासारखीच येते. तिथे तिचा उपयोग नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. बीडीएल ऐंशी टक्क्यांच्या वर गेले तर सरासरीचा नादच सोडा. 'इतक्यापैकी इतक्या नमुन्यांत सापडले, सर्वात मोठा आकडा इतका' एवढे लिहा.

हे करायला फुकट साधने आहेत. 'आर' या भाषेत 'नाडा' नावाचे पॅकेज याच कामासाठी आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे 'प्रो-यूसीएल' खिडक्यांवर टिचक्या मारून चालते. काहीही वापरा, पण मूळ फाइलमध्ये '<२' तसेच राहू द्या. एकदा तिथे १ लिहिला की तो मोजलेला १ होता की भरलेला, हे पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही.

पायरी ५: आपल्या मातीचे लोखंड वजा करा

गोव्याची जमीन जांभ्याची. लोखंड आणि ॲल्युमिनियम तिच्यात उपजतच ठासून भरलेले, मँगनीजही बऱ्याच ठिकाणी. जगभरच्या शेल खडकाची सरासरी पुस्तकातून उचलून तिच्याशी आपला गाळ ताडला, तर माणसाचा हात न लागलेली खाडीसुद्धा दूषित ठरेल. पार्श्वभूमीची पातळी इथलीच हवी: त्याच खोऱ्यात खाणीच्या वरच्या अंगाची, किंवा गाळाच्या खोल थरातली, जिथे आधुनिक काळ पोचलेला नाही.

यासाठी दोन निर्देशांक सर्रास वापरतात. एक म्युलरचा १९६९ सालचा भू-संचय निर्देशांक: मोजलेला आकडा पार्श्वभूमीच्या दीडपटीने भागायचा आणि दोनच्या पायाचा लॉग घ्यायचा. ते दीडपट नैसर्गिक चढउतार गिळण्यासाठी. दुसरा समृद्धी गुणक, ज्यात प्रत्येक धातू एका 'स्थिर' धातूच्या प्रमाणात मोजतात, म्हणजे चिखल बारीक की जाडा याचा परिणाम निघून जातो. जगात बऱ्याच ठिकाणी हा स्थिर धातू म्हणून लोखंड घेतात. मांडवी-जुवारीच्या गाळात तसे करू नका. तिथे लोखंड हाच खनिजमालातून आलेला पाहुणा. त्याने भागले तर बाकीचे सगळे धातू कमी दिसतील आणि गाळ स्वच्छ ठरेल. ॲल्युमिनियम घ्या, आणि ६३ मायक्रॉनच्या खालचा बारीक गाळ वेगळा काढून मोजा. पुस्तकातली पद्धत जशीच्या तशी उचलल्याने निकाल उलटा लागतो, याचे याहून चांगले स्थानिक उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी ६: आता पद्धत निवडा

मर्यादेशी तुलना असेल तर आधी मानकच नीट वाचा, कारण संख्याशास्त्र बरेचदा मानकातच लिहिलेले असते. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत पीएम १० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची) चोवीस तासांची मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे आणि वार्षिक ६०. पण सोबत असेही आहे की वार्षिक सरासरीला वर्षात किमान १०४ मापने हवीत, आठवड्यातून दोन, सारख्या अंतराने. आणि चोवीस तासांची मर्यादा ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे, उरलेल्या दोन टक्क्यांतही लागोपाठ दोन दिवस नको. १०४ चे दोन टक्के म्हणजे दोन दिवस. वास्कोत कोळशाच्या धुळीवर बोलताना एका दिवसाचा आकडा हातात घेऊन 'मानक मोडले' म्हणणे आणि वर्षाची सरासरी दाखवून 'सगळे ठीक' म्हणणे, दोन्ही अपुरे.

दोन जागांची तुलना असेल तर जोडीने नमुने घ्या: त्याच दिवशी, भरतीच्या त्याच अवस्थेत, नाल्याच्या वर आणि खाली. मग दोन गटांच्या सरासऱ्या ताडण्याऐवजी प्रत्येक जोडीतला फरक घ्या. पावसाचा परिणाम दोघांवर सारखाच झाल्याने फरकात तो गळून जातो. घाट वाकडा असल्याने टी-चाचणीपेक्षा विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणी बरी. जोड्या नसतील तर मान–व्हिटनी, गट तीन किंवा जास्त असतील तर क्रुस्कल–वॉलिस. एवढे पुरते.

आधी आणि नंतर असा प्रश्न असेल तर नुसते आधी-नंतर पुरत नाही. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यातले खाणकाम थांबले, एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अटींसह पुन्हा वाट मोकळी झाली, आणि मार्च २०१८ मध्ये ते पुन्हा बंद पडले. संशोधकाच्या दृष्टीने असा चालू-बंद क्रम सहसा नशिबात नसतो. पण त्याच काळात पाऊस बदलला, वस्त्या वाढल्या, नदीत कॅसिनोच्या बोटी आल्या-गेल्या. म्हणून खनिजवाहतूक नसलेली एक नदी तुलनेला हवी. काणकोणच्या तळपण किंवा गालजीबागेचा विचार करता येईल. दोन नद्यांमधला फरक खाणी थांबल्यावर बदलला का, एवढे तपासायचे. फरक बंदीत उतरला, परवानगीनंतर चढला आणि पुन्हा उतरला, तर पुरावा एकाच बंदीवर विसंबलेल्या पुराव्यापेक्षा किती तरी भक्कम.

काळानुसार कल बघायचा असेल, तर रेषा बसवण्याऐवजी मान–केंडॉल चाचणी लावा. ती आकड्यांचा आकार बघत नाही, फक्त नंतरचा आधीच्यापेक्षा मोठा की लहान एवढे मोजते, म्हणून आपल्या त्या ३१ सारख्या एखाद्या उंच आकड्याने ती डगमगत नाही. हातानेच करून बघा. चार वर्षांच्या मे महिन्यांचे आकडे: ३.०, ३.४, २.९, ४.१. जोड्या सहा. चार वाढत्या, दोन उतरत्या. गुण अधिक दोन. आता गंमत: चारही वर्षे ओळीने वाढती असती, तरी निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता २४ मध्ये एक. वाढ की घट हे आधी ठरवले नसेल तर १२ मध्ये एक, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर. दिशा आधी ठरवली नसेल, तर एका महिन्याच्या चार वर्षांवरून नेहमीच्या पाच टक्क्यांच्या कसोटीला उतरणारा कल सिद्ध होऊच शकत नाही, आकडे कितीही सुंदर असोत. म्हणून १९८२ साली मांडलेली हंगामी केंडॉल चाचणी वापरतात: मे फक्त मेशी, जुलै फक्त जुलैशी ताडायचा, आणि बारा महिन्यांचे गुण शेवटी एकत्र करायचे. पाऊस आणि उन्हाळा यांची सरमिसळच होत नाही. आपल्या हवामानाला हीच पद्धत सगळ्यात शोभते.

कल आहे की नाही हे कळले, वेग किती हे राहिले. त्यासाठी प्रत्येक जोडीचा वार्षिक उतार काढून त्यांचा मध्यक घ्यायचा. वरच्या चार आकड्यांत तो वर्षाला सुमारे ०.३६ येतो. ही थील–सेनची पद्धत. यातले सेन म्हणजे कोलकात्यात वाढलेले संख्याशास्त्रज्ञ प्रणब कुमार सेन, त्यांचे काम १९६८ चे.

नकाशा काढायचा असेल तर क्रिगिंग (मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचे आकडे अंदाजण्याची पद्धत) आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या अंदाजातून जन्मलेली. तीसेक ठिकाणांहून कमी असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. रंगीत नकाशा येईल, पण रंग कल्पनेचे असतील. आणि खाडीत दोन जागांमधले अंतर पाण्याच्या वाटेने मोजा, सरळ रेषेत नव्हे. सरळ रेषेत जवळ वाटणारी जागा पाण्याने भलतीच लांब असू शकते.

प्रदूषण कुठून आले हे शोधायला लोक प्रमुख घटक विश्लेषण (एकत्र चढणाऱ्या-उतरणाऱ्या मापनांचे मोजके गट पाडणारी पद्धत) लावतात. लावा, पण पहिल्या घटकाला 'उद्योग' असे नाव देण्याची घाई करू नका. खाडीच्या गाळात पहिला घटक बहुतेक वेळा नुसता चिखल असतो: कण बारीक, म्हणून सगळेच धातू जास्त. कणांचा आकार मोजला नसेल तर हे कळतच नाही.

आणि वीस धातू तपासले की पाच टक्क्यांच्या कसोटीवर, काहीच नसताना, किमान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. किती चाचण्या केल्या तो आकडा अहवालात लिहा, नुसत्या लागलेल्या चाचण्या नव्हे.

पायरी ७: ग्रामसभेत वाचता येईल असे लिहा

पी-मूल्य (काहीच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३ आले, हे वाक्य ग्रामसभेत कुणाच्या उपयोगाचे नाही, आणि त्यातून अपाय किती हेही कळत नाही. आपल्या विहिरीबद्दल असे लिहिता येईल: 'वर्षभरात बारा वेळा तपासले. शिसे एकदा, जुलैत, मोठ्या पावसानंतर, मर्यादेच्या तिप्पट निघाले. बाकी अकरा वेळा मर्यादेत होते. बाराच नमुने असल्याने, हे पाणी मर्यादा ओलांडण्याचे खरे प्रमाण तीन वेळांत एकदा इतके असण्याचीही शक्यता नाकारता येत नाही. जून ते सप्टेंबर हे पाणी पिऊ नये. येत्या पावसाळ्यात दर आठवड्याला, गाळलेला आणि न गाळलेला असे दोन्ही नमुने घ्यावेत.' 'तीन वेळांत एकदा' हे मी हवेतून काढलेले नाही: बारात एक वाईट निघाल्यास ९५ टक्के खात्रीची वरची कडा ३४ टक्के येते.

अहवालाच्या मागे कच्चे आकडे जोडा, आणि प्रत्येक आकड्यासमोर तारीख, वेळ, भरतीची अवस्था, क्षारता, आदल्या तीन दिवसांचा पाऊस, नमुना गाळला की नाही आणि प्रयोगशाळेची त्या दिवशीची शोधमर्यादा, असे सात रकाने ठेवा. शोधमर्यादेचा रकाना प्रयोगशाळा स्वतःहून भरून देत नाही. नमुने देतानाच तो लेखी मागून घ्यावा लागतो.